सांडेल, लवंडेल, पण शिकेल!

गेले काही आठवडे या सदरातून आपण लहान मुलांच्या आहाराचा विचार करीत आहोत. बाळाला काय द्यावे, किती द्यावे, वरचे अन्न केव्हा सुरू करावे याविषयी आता पालक बरेच जागरूक झाले आहेत. परंतु ते अन्न मुलाने स्वतःच्या हाताने कधी आणि कसे खायला लागावे, हे मला फारसे कोणी विचारत नाही. विचारले जाते ते एवढेच, की "डॉक्टरबाई, याला भूक लागण्याचे टॉनिक द्या."

एक उदाहरण सांगते. साडेतीन वर्षांच्या एका मुलाला त्याचे आई-वडील माझ्याकडे घेऊन आले. जूनमध्ये बालवाडीत घातल्यापासून दोन महिन्यांत त्याचे वजन वाढण्याऐवजी अर्धा किलो घटले होते. जंताचे औषध देऊन झाले होते, रक्त-लघवी तपासून झाली होती, कोणीतरी क्षयाची शंकाही काढली होती. मुलगा तपासणीत ठणठणीत होता. बोलायला चुणचुणीत, गोष्ट सांगायला पुढे. मी त्याच्या हातात बिस्कीट दिले. त्याने ते हातात धरले, आईकडे पाहिले आणि तोंड उघडले! निदान तिथेच झाले. जन्मापासून त्याला आजीने मांडीवर घेऊन, मोबाइलवर चित्रे दाखवत भरवले होते. आई-वडील दोघे नोकरीला. बालवाडी आणि नंतर पाळणाघर मिळून दिवसातली दोन खाणी त्याला स्वतःच्या हाताने खायची होती आणि तेच त्याला येत नव्हते. डबा जसाच्या तसा परत येत होता. औषधाचा एक थेंबही न देता, घरी तीन आठवडे शिकवल्यावर तो खाऊ लागला आणि वजन पूर्ववत झाले.

आजींचा यात दोष काढायचा नाही. आपल्याकडे भरवणे ही माया आहे. चिऊचा घास, काऊचा घास म्हणत वाढलेली आपण सारी माणसे. वर्षाच्या आतल्या बाळाला भरवायलाच हवे. पुढेही अधूनमधून भरवायला हरकत नाही. पण मूल हात पुढे करीत असताना तो हात दाबून धरून भरवले जाते, तिथे मात्र घोटाळा होतो.

हात केव्हा तयार होतो?

नवव्या-दहाव्या महिन्याच्या सुमारास बाळ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत बारीक वस्तू उचलू लागते. सतरंजीवरचा केस, मुरमुरा, मुंगी, काहीही. आई म्हणते, "सारखे काहीतरी उचलून तोंडात घालते." ही खोड नव्हे, हात जेवणासाठी तयार झाल्याची ती खूण आहे. मऊ शिजवलेल्या बटाट्याच्या किंवा गाजराच्या फोडी, पिकलेल्या केळ्याचे तुकडे, वरणात भिजवलेली पोळी अशा वस्तू या वयात ताटलीत पुढे ठेवाव्यात. वर्ष-सव्वा वर्षाला मूल दोन्ही हातांनी पेला धरून पिऊ लागते. दीड वर्षाला चमचा तोंडापर्यंत जातो, पण वाटेत उलटा होतो, कारण मनगट वळवण्याचे कसब अजून आलेले नसते. दोन वर्षांचे मूल बरेचसे स्वतः खाते, पायमोजे आणि चप्पल काढते. तीन वर्षांचे मूल थोड्या मदतीने जेवण पुरे करते, मोठी बटणे लावण्याची खटपट करते. अर्थात हे आकडे म्हणजे रेल्वेचे वेळापत्रक नव्हे. महिना-दोन महिने मागेपुढे चालायचेच. शेजारणीच्या मुलाशी तुलना करून रडवेल्या चेहऱ्याने दवाखान्यात येऊ नये.

आपल्या भाताचीच गोष्ट घ्या. मोकळा भात बोटांतून निसटतो, म्हणून मूल कंटाळते. तोच भात वरण-तूप घालून घट्ट कालवला, किंवा आसट खिचडी केली, की घास धरता येतो. पोळीचा तुकडा तोडायला दोन हात आणि बरीच ताकद लागते, ते जमायला तीन-साडेतीन वर्षे लागतात. तोपर्यंत तुकडे आपण करून द्यावेत, वाटीत बुडवायचे काम मुलाचे. ताटली जड व काठाची असावी. वाटीत एका वेळी दोन-तीन घासांपुरतेच वाढावे. जेवण अर्ध्या तासात आटोपावे. सांडले तर सांडू द्यावे. खाली जुनी चादर किंवा वर्तमानपत्र (वाचून झालेले!) अंथरले, म्हणजे सासू-सूनांचा एक वाद तरी वाचतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलाला सर्वांच्या पंगतीत बसवावे. मूल बघून शिकते. वडील घास कसा करतात हे त्याला दिसलेच नाही, तर ते करणार काय?

शेवटून शिकवा

मुलाला कोणतेही काम शिकवताना आपण सुरुवातीपासून शिकवतो. चड्डी हातात देतो आणि म्हणतो, "घाल." त्या कामात पाच-सहा पायऱ्या आहेत. चड्डीची पुढची बाजू ओळखायची, बसायचे, एक पाय घालायचा, दुसरा घालायचा, उभे राहायचे, वर ओढायची. पहिल्या पायरीलाच मूल अडकते, चिडते, आणि आपण घाईघाईने सारे करून टाकतो. याऐवजी उलटे करावे. गुडघ्यांपर्यंत चड्डी आपण चढवावी आणि कमरेपर्यंत ओढण्याचे शेवटचे काम तेवढे मुलाला द्यावे. ओढली की काम फत्ते! मूल खुश होते. ते जमले की चड्डी घोट्यांपर्यंतच चढवावी. मग एक पाय त्याचा त्याने घालावा. असे मागे मागे येत जावे. प्रत्येक वेळी काम पुरे झाल्याचा आनंद मुलाच्याच वाट्याला येतो.

हीच रीत चपलेला, सदऱ्याला, हात धुण्याला लावता येते. हात धुताना साबण आपण लावावा आणि पाण्याखाली हात चोळून फेस घालवण्याचे काम मुलाचे. ज्या मुलांची वाढ काही कारणाने मंद आहे, त्यांना शिकवण्यासाठी तज्ज्ञ मंडळी हीच पद्धत वापरतात, आणि ती इतर मुलांनाही तितकीच लागू पडते.

बटणाचे काम अंगावरच्या कपड्यावर शिकवू नये. हनुवटीखालचे बटण मुलाला दिसत नाही. वडिलांचा जुना शर्ट जमिनीवर पसरून द्यावा, काजे थोडी मोठी करून घ्यावीत. आधी काढायला शिकवावे, मग लावायला. काढणे नेहमीच सोपे असते.

स्वयंपाकघर हीच शाळा

मारिया मॉंटेसोरी या इटलीतील डॉक्टर विदुषींनी १९०७ साली रोममधील गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. तेथे मुले पाणी ओतणे, घड्या घालणे, टेबल पुसणे, बटणे लावणे अशी रोजची कामे करीत. १९३९ साली त्या भारतात आल्या व अनेक वर्षे राहिल्या. त्यांचे विचार आपल्या मातीत रुजवण्याचे काम महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी केले. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. परदेशी धर्तीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, माती अशा आसपासच्या वस्तूंनाच साधने केले. आज बाजारात 'बुद्धी वाढवणारी' म्हणून जी रंगीत खेळणी हजारभर रुपयांना विकली जातात, ती पाहिली की मला बोर्डीची आठवण होते. तुमच्या मांडणीवर त्याहून सरस साधने उभी आहेत.

ओतण्याचा खेळ घ्या. परातीत दोन फुलपात्रे ठेवा. एकात निम्मे तांदूळ घाला. दीड-दोन वर्षांचे मूल एकातून दुसऱ्यात ओतत तासभर नाही, पण दहा मिनिटे निश्चित रमते. तांदूळ जमले की पाणी द्यावे, तेही निम्मेच. सांडलेले पुसायला हाताशी एक फडके ठेवावे आणि ते मुलानेच पुसावे. फडके पिळण्याने मनगटाला आणि बोटांना जो व्यायाम होतो, तोच पुढे पेन्सिल धरताना उपयोगी पडतो. अक्षर वळणदार व्हावे म्हणून तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पाटी-पेन्सिल कोंबणाऱ्या पालकांना मी हेच सांगते, की आधी फडके पिळू द्या.

पोळ्या करताना कणकेचा लहान गोळा मुलाला द्यावा. थापणे, चिमटे काढणे, साप करणे, तुकडे करणे, सर्व काही होते. कपडे वाळत घालण्याचे चिमटे पुठ्ठ्याच्या कडेला लावायला द्यावेत. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला मेथीची पाने खुडायला बसवावे. निम्मी देठे भाजीत जातील, जाऊ द्यावीत. धुतलेल्या कपड्यांतून 'बाबांचा रुमाल कोणता, ताईचा मोजा कोणता' हे ओळखून जोड्या लावणे हा तर उत्तम बुद्धीचा खेळ आहे. दाराशी चपलांच्या जोड्या लावणेही तसेच.

काम सांगताना बोलत राहावे. वर्ष-सव्वा वर्षाच्या मुलाला एकच गोष्ट, हाताने खूण करून सांगावी : "वाटी दे." दोन-अडीच वर्षांच्या मुलाला दोन गोष्टी जोडून : "वाटी उचल आणि आजीला दे." यातून भाषाही वाढते. हातांना काम आणि कानांना शब्द एकाच वेळी मिळाले तर शब्द पक्का बसतो. मोबाइलमधला आवाज कितीही गोड असला, तरी मुलाने चुकीची वाटी आणली हे त्याला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर मुळीच बसवू नये आणि दोन ते चार वर्षे वयाच्या मुलांना दिवसाकाठी एका तासापेक्षा जास्त वेळ नको. कमी तितके चांगले.

एक गोष्ट खटकते तीही सांगते. ही कामे मुलींना आपोआप मिळतात. मुलग्याच्या हातात फडके दिले की घरातले कोणीतरी हसते. मनगट मुलग्यालाही असते.

शी-शूच्या सवयीची घाई करू नये. दोन तास कपडे कोरडे राहू लागले, ओले झाल्यावर मूल खूण करू लागले, चड्डी खाली ओढता येऊ लागली, म्हणजे सुरुवात करावी. बहुतेक मुले दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान दिवसाची सवय शिकतात. रात्रीची सवय लागायला पाच वर्षेही लागू शकतात. रागावून, मारून बसवलेले मूल शी दाबून धरते, मग ती खडा होते, दुखते, आणि दुखते म्हणून मूल आणखी दाबून धरते. हे चक्र सोडवायला पुढे महिने लागतात.

पांगुळगाड्याविषयी नेहमी विचारणा होते. सुताराकडून करून घेतलेला, तीन चाकांचा, उभ्याने ढकलायचा आपला जुना पांगुळगाडा सपाट जमिनीवर, कोणाच्या देखरेखीखाली चांगलाच. मात्र मूल मध्ये बसवून फिरवायचा गोल वॉकर घेऊ नये. त्याने मूल लवकर चालायला शिकत नाही. उलट ते क्षणात पायरीवरून कोसळते किंवा चुलीपर्यंत पोहोचते. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली.

हे मात्र सांभाळा

स्वयंपाकघराला शाळा म्हटले, पण या शाळेत आग आणि पाणी दोन्ही आहे. चूल पेटलेली असताना, कुकर उतरवताना मूल ओट्यापाशी नको. पाण्याने भरलेली बादली हे मला सर्वांत भयंकर वाटते. चालायला लागलेले मूल आत वाकते, डोके जड असल्याने तोल जातो आणि त्याला स्वतःला बाहेर काढता येत नाही. चार बोटे पाणीही पुरते, आणि बुडणारे मूल ओरडत नाही. ओतण्याचा खेळ संपला की पाणी ओतून टाकावे, बादल्या पालथ्या घालाव्यात. रॉकेल, फिनेल, पिकावरची औषधे कधीही सरबताच्या बाटलीत भरू नयेत.

शेंगदाणे, फुटाणे, अख्खे वाटाणे, सुपारीचे खांड चार वर्षांखालील मुलांना देऊ नये. चिंचोके, मणी, खेळण्यातील बटणासारखे चपटे सेल खेळायला देऊ नयेत. असा सेल गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते, त्यामुळे उलटी करवण्यात वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे. घशात काही अडकले आणि मूल जोराने खोकत असेल तर खोकू द्यावे, आंधळेपणाने बोट घालू नये. दाणा खाताना एकदम ठसका लागला, जीव घाबरा झाला आणि नंतर सारे शांत झाले, तरी डॉक्टरांना दाखवावेच. दाणा खाली श्वासनलिकेत उतरून बसलेला असू शकतो. 'दमा' म्हणून महिनोन्महिने औषध चाललेल्या मुलाच्या छातीतून पुढे शेंगदाणा निघाल्याची उदाहरणे आम्हा डॉक्टरांना परिचित आहेत.

एकाच हाताने खेळते का?

रोजच्या या कामांचा आणखी एक फायदा आहे, तो म्हणजे मुलात काही कमी असेल तर ते इथे लवकर दिसते.

एका अकरा महिन्यांच्या मुलीला सर्दीसाठी आणले होते. आजी कौतुकाने म्हणाल्या, "आमची छकुली डावखुरी आहे, आत्यावर गेलीय." मी तिच्या उजव्या बाजूने खुळखुळा पुढे केला. तिने अंग वळवून डाव्या हातानेच तो घेतला. डाव्या हातात आधीच एक वस्तू असताना दुसरी पुढे केली, तर पहिली टाकून दुसरी घेतली. उजवी मूठ मिटलेली, अंगठा आत. उजवा पायही थोडा ताठ होता. जन्माच्या आगेमागे मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाल्यामुळे शरीराच्या उजव्या बाजूला अशक्तपणा आला होता. तो मुळातून नाहीसा करणारे औषध नाही. पण लवकर कळल्याने व्यायाम लवकर सुरू झाले. थेरपिस्टच्या सल्ल्याने दिवसातला ठरावीक वेळ डाव्या हाताला मोजा घालून उजव्याकडून खेळ करवून घेतले. तिच्या आईने घरी परात, कणीक, मोठा चेंडू, सारे वापरले. आज ती तीन वर्षांची आहे. डाव्या हाताने जेवते आणि उजव्याने ताटली धरून ठेवते. ताटली धरता येणे ही लहान गोष्ट वाटेल. तिच्या घरच्यांना तशी वाटत नाही.

साधारण दीड वर्षापर्यंत मूल दोन्ही हात जवळजवळ सारखेच वापरते. उजवे-डावे दोन वर्षांनंतर हळूहळू पक्के होते. म्हणून त्याआधीच मूल कायम एकच हात वापरत असेल, मग तो उजवा का असेना, तर तपासून घ्यावे. घरी पाहणे सोपे आहे. दोन हातांत दोन वाट्या देऊन वाजवायला सांगावे, मोठा चेंडू द्यावा, वस्तू एकदा उजव्या व एकदा डाव्या बाजूने पुढे करावी. मात्र तीन-चार वर्षांचे, दोन्ही हात उत्तम चालणारे मूल डावखुरे असेल तर तो त्याचा स्वभाव आहे. डाव्या हाताने जेवते म्हणून हातावर मारू नये, हात बांधू नये. हात धुतलेला असला म्हणजे झाले.

याशिवाय दीड वर्षाचे होऊनही मूल आधाराशिवाय चालत नसेल, बोट दाखवून वस्तू मागत किंवा दाखवत नसेल, दोन वर्षांनंतरही 'पाणी दे', 'आई ये' असे दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर पाहत नसेल, किंवा आधी येत असलेली गोष्ट विसरू लागले असेल, तर 'याचे वडीलही उशिराच बोलले' म्हणून थांबू नये. बोलत नसलेल्या मुलाचे कान आधी तपासावेत.

यासाठी मोठ्या शहरात धाव घेण्याची गरज सुरुवातीला नसते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीतील मुलांची मोफत तपासणी करते. पथक केव्हा येणार हे अंगणवाडीताईंना विचारावे आणि मूल अंगणवाडीत जात नसले तरी त्या दिवशी घेऊन जावे. शंका आढळल्यास पथक जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. तेथे जाताना माता-बाल संरक्षण कार्ड आणि जन्माच्या वेळचे रुग्णालयाचे कागद बरोबर ठेवावेत. बाळ जन्मल्यावर लगेच रडले की नाही, वजन किती होते, काचेच्या पेटीत ठेवले होते का, हे प्रश्न तेथे पहिल्यांदा विचारले जातात.